दोन डोळे, एक दृष्टि

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्राचा आरंभच नेत्ररोगांनीं होतो, आणि तेथें ७६ नेत्ररोग गणलेले आहेत. ज्या देशांत प्राचीनांनीं इतकी बारकाई दाखविली, त्या देशांतील सुशिक्षित घरांत आज डोळ्यांविषयीं बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: 'नंबर किती?' नंबर नाहीं म्हटलें कीं डोळे उत्तम. नंबर आहे म्हटलें कीं चष्मा. आणि चष्मा आला कीं विषय संपला. ह्या दोन उत्तरांच्या मधोमध एक तिसरी अवस्था असते व तिच्यांत सांपडलेलें मूल घरांत आळशी आणि शाळेंत मठ्ठ ठरतें, ही गोष्ट फार थोड्या पालकांस ठाऊक असते. तिच्याविषयीं ह्या महिन्यांत चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

निमित्त एका पत्राचें. एका वाचक भगिनींनीं लिहिलें आहे कीं, त्यांचा दहा वर्षांचा मुलगा गोष्ट ऐकावयास बसला तर तासभर जागचा हलत नाहीं. पण तीच गोष्ट स्वतः वाचावयास दिली तर पाव तासांत डोळे चोळूं लागतो, ओळी गाळतो, डोकें दुखतें म्हणतो. चष्म्याच्या दुकानांत नेलें, तर तेथें तक्त्यावरील शेवटच्या ओळींतील अक्षरेंहि त्यानें घडाघडा वाचलीं. घरांत निर्णय झाला कीं हीं सारीं अभ्यास टाळण्याचीं सोंगें. मोबाईल पाहतांना कसें डोकें दुखत नाहीं? आतां कोणी त्यांस 'व्हिजन थेरपी' म्हणजे दृष्टीच्या शिक्षणाचा उपचार सुचविला आहे. खर्च बराच आहे. 'हें खरें शास्त्र, कीं नवें थोतांड?' असा त्यांचा प्रश्न आहे. आमचें उत्तर असें कीं, त्या एका नांवाखालीं शास्त्रहि आहे आणि थोतांडहि आहे. आणि दोहोंची सरमिसळ झालेली असल्यामुळें निवड करण्याचें काम गृहस्थावर येऊन पडलें आहे. तें कसें करावें हें सांगण्यापूर्वीं डोळ्यांचा मूळ व्यवहार समजून घेतला पाहिजे.

आपणांस डोळे दोन आहेत, पण जग एकच दिसतें. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे कीं तिच्यांतील नवल आपणांस जाणवत नाहीं. दोन्ही डोळ्यांमध्यें साधारण अडीच इंचांचें अंतर असतें. म्हणून प्रत्येकास तीच वस्तु किंचित् निराळ्या बाजूनें दिसते. हीं दोन चित्रें मेंदूंत एकत्र येतात, आणि त्यांतील सूक्ष्म फरकावरून वस्तूची खोली, तिचें पुढें-मागें असणें, आपणांस कळतें. चार्ल्स व्हीट्स्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३८ सालीं आरशांचें एक यंत्र रचून दोन सपाट चित्रांपासून भरीव वस्तूचा भास उत्पन्न करून दाखविला, तेव्हां हें प्रयोगानें सिद्ध झालें. ह्या यंत्रास स्टिरिओस्कोप म्हणतात. पुढें त्याचें काय झालें तें लौकरच येईल.

दोन चित्रें जुळावयाचीं तर दोन्ही डोळे एकाच बिंदूवर रोखलेले असले पाहिजेत. प्रत्येक डोळ्यास फिरविणारे स्नायू सहा. दोहोंचे मिळून बारा. दूरचा डोंगर पाहतांना डोळे जवळजवळ समांतर असतात. तोच मनुष्य हातांतील पुस्तकाकडे वळला कीं दोन्ही डोळ्यांस नाकाच्या बाजूस आंत वळावें लागतें, त्याच क्षणीं डोळ्यांतील भिंगाचा आकार बदलून जवळचें स्पष्ट करावें लागतें, आणि ही जुळणी पानाच्या शेवटपर्यंत टिकवावी लागते. एखाद्या शेतकऱ्याचे दोन बैल सोडून एकेकटे पाहिले तर धट्टेकट्टे असावेत, पण जुंवाखालीं आणले म्हणजे एक पुढें ओढी व दुसरा बाजूला जाई, असें असेल तर नांगराचें तास सरळ कसें निघणार? दुकानांतील तक्ता एकेका बैलाची परीक्षा घेतो, आणि तीहि दूरच्या अंतरावर. जुंवाखालील परीक्षा निराळी असते, आणि ती झालीच नसली तर 'डोळे उत्तम आहेत' हें वाक्य अर्धेंच खरें असतें. चित्रपटाच्या मोठ्या, हलत्या दृश्यांत ह्या जोडीची थोडी चूकभूल खपून जाते. बारीक अक्षरांच्या ओळींत ती खपत नाहीं. मोबाईलविषयींच्या प्रश्नाचें उत्तर बहुधा येथें आहे.

एक साधा प्रयोग कोणासहि करून पाहतां येईल. हात लांब करून तर्जनी नाकासमोर उभी धरावी व दृष्टि तिच्यावर ठेवावी. मागचा खिडकीचा गज एकाचे दोन झालेला दिसेल. मग दृष्टि गजावर न्यावी. आतां बोटें दोन होतील. हा दोष नव्हे. दोन्ही डोळे कामावर असल्याची ही खूण आहे. नंतर दृष्टि पुन्हां बोटावर आणून बोट हळूहळू नाकाकडे न्यावें. बहुतेकांस तें नाकापासून दोन-अडीच इंचांवर येईपर्यंत एकच दिसतें, मग फुटून दोन होतें. ज्या मुलाचें बोट सहा-आठ इंचांवरच फुटतें, त्याच्या डोळ्यांस पुस्तकावर एकत्र राहणें किती कष्टाचें होत असेल ह्याची कल्पना करावी. ह्या उणिवेस डॉक्टर 'कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी' म्हणतात. आपण तिला अभिसरणाची उणीव म्हणूं. मात्र घरीं केलेला हा प्रयोग म्हणजे निदान नव्हे. तपासणीस जावें कीं नाहीं, एवढेंच तो सुचवितो.

आपल्या दर्शनकारांस भ्रांत ज्ञानाचें उदाहरण हवें असलें म्हणजे ते दोरीवरील सर्पाबरोबर द्विचंद्राचेंहि उदाहरण घेतात. नेत्रदोष झालेल्या मनुष्यास आकाशांतील एक चंद्र दोन दिसतो, आणि तो एकच आहे हें पक्कें ठाऊक असूनहि दोन दिसावयाचें थांबत नाहीं. प्रौढ मनुष्याचे डोळे एकमेकांपासून ढळले तर त्याची स्थिति खरोखर अशीच होते. लहान मुलाचें मात्र निराळें आहे. त्याचा मेंदू कोवळा असतो; तो दोन चंद्रांचा गोंधळ फार काळ सहन करीत नाहीं, एका डोळ्याकडून आलेलें चित्र पुसूनच टाकतो. येथें आम्हांस काकाक्षिगोलकन्याय आठवतो. कावळ्यास बुबुळ एकच असून तें तो हवें तेव्हां ह्या किंवा त्या खोबणींत फिरवितो, अशा समजुतीवरून, एकच पद दोन ठिकाणीं लावण्याच्या टीकाकारांच्या युक्तीस हें नांव मिळालें. बिचाऱ्या कावळ्याविषयीं ती समजूत खरी नाहीं. पण कित्येक तिरळ्या मुलांविषयीं ती खरी आहे. डोळे दोन, पण पाहणारा डोळा एका वेळीं एकच. मुलाची तक्रार कांहींच नसते, कारण जग असेंच दिसतें असें तें समजतें.

जो डोळा असा नेहमींच वगळला जातो, त्याची मेंदूशीं असलेली वहिवाट मोडते. डोळा बाहेरून निरोगी, पण दृष्टि मंद: ह्यास इंग्रजींत अँब्लिओपिआ व बोलण्यांत 'आळशी डोळा' म्हणतात. हा केवळ तिरळेपणानेंच होतो असें नाहीं. दोन डोळ्यांच्या नंबरांत फार अंतर असलें तरी धूसर चित्र देणारा डोळा मागें पडतो, आणि बाहेरून पाहणाऱ्यास कांहींच कळत नाहीं. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल ह्या शास्त्रज्ञांनीं मांजरांच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखविलें कीं, जन्मानंतरच्या विशिष्ट काळांत एक डोळा झांकून ठेवला तर मेंदूचा दृष्टिभाग त्या डोळ्यास जवळजवळ विसरतो. तोच काळ टळल्यावर झांकला तर तसें होत नाहीं. ह्या संशोधनाबद्दल त्यांस १९८१ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. जें विसरण्याचें वय, तेंच शिकण्याचें वय. म्हणून ह्या बाबतींत 'मोठा झाला म्हणजे होईल बरा' हें वाक्य फार महाग पडतें.

दुसरें महाग पडणारें वाक्य म्हणजे 'किंचित् तिरळी नजर भाग्याची.' वधूवरांच्या कौतुकांत तें शोभत असेल. पाळण्याजवळ तें बोलूं नये. पहिल्या तीन-चार महिन्यांत तान्ह्याची नजर मधून मधून भरकटते, त्याचें भय नको. पण त्यानंतर डोळा सतत किंवा वरचेवर ढळतांना दिसला तर नेत्रवैद्याकडे गेलेंच पाहिजे. क्वचित् प्रसंगीं तिरळेपणा हें डोळ्याच्या आंतील गंभीर रोगाचें पहिलें चिन्ह असतें. आणि बाहुलींत पांढरी झांक दिसली तर एक दिवसहि दवडूं नये. पुष्कळदां उपाय सोपा निघतो. आंत वळणारा डोळा कित्येक मुलांत केवळ योग्य चष्म्यानें सरळ होतो; कांहींस शस्त्रक्रिया लागते. मुलीला चष्मा लागला तर पुढें कसें होईल, ह्या चिंतेनें चष्मा टाळणारीं घरें अजून आहेत; त्यांस आमचें हात जोडून सांगणें आहे कीं, चष्मा केव्हांहि काढून ठेवतां येतो, गेलेली दृष्टि घालतां येत नाहीं.

आळशी डोळ्याचा मुख्य उपचार जुनाच आहे. आधीं योग्य चष्मा. तेवढ्यानें न भागल्यास चांगल्या डोळ्यावर रोज कांहीं वेळ पट्टी, म्हणजे आळशी डोळ्यास काम करणें भाग पडतें. पूर्वीं दिवसभर पट्टी बांधीत, आणि घरांत रोज रडारड होई. अमेरिकेंतील बालनेत्रवैद्यांच्या एका मंडळानें २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या चांचणींत असें आढळलें कीं, सात वर्षांखालील मुलांत मध्यम प्रतीचा दोष असतां रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच गुणकारी ठरते. त्याच मंडळाच्या २००५ सालच्या चांचणीनें आणखी एक दिलासा दिला: सात ते बारा वर्षांच्या मुलांतहि उपचारानें शेंकडा ५३ जणांस लक्षांत येण्याजोगा गुण आला, नुसत्या चष्म्यानें तो शेंकडा २५ जणांस आला. म्हणजे सातवें वर्ष उलटलें म्हणून हात टेकण्याचें कारण नाहीं. पण चौथ्या वर्षीं सोपें असतें तें दहाव्या वर्षीं कठीण होतें, हेंहि तितकेंच खरें. पट्टी किती व केव्हां, हें मात्र वैद्यानेंच ठरवावें; आजीनें सांगितलें म्हणून ती वाढवूं नये आणि आजीस दया आली म्हणून सोडूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे, म्हणजे व्यायामाकडे वळूं. दृष्टीस शिकवितां येतें ही कल्पना ज्यानें पद्धतशीर मांडली तो लुई एमील जाव्हाल हा पॅरिसचा गृहस्थ १८३९ सालीं जन्मला. त्याच वर्षीं बर्लिनच्या डीफेनबाख ह्या शस्त्रवैद्यानें तिरळ्या डोळ्याचा स्नायु कापून डोळा सरळ करण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली होती. पण त्या आरंभींच्या शस्त्रक्रियांत डोळा पुष्कळदां उलट बाजूस वळून बसे. जाव्हाल मूळचा खाणींचा इंजिनिअर. त्याची बहीण सोफी तिरळी होती. तिच्या डोळ्यांची काळजी त्यास वैद्यकाकडे घेऊन आली. व्हीट्स्टनच्या कल्पनेंतून निघालेला, तोंवर दिवाणखान्यांतील करमणूक झालेला स्टिरिओस्कोप त्यानें उपचाराचें साधन केला: प्रत्येक डोळ्यापुढें निराळें चित्र ठेवावयाचें आणि दोन्ही जुळवून एक करण्यास मेंदूस शिकवावयाचें. ह्या श्रमाचें सार त्यानें १८९६ सालीं आपल्या तिरळेपणावरील ग्रंथांत घातलें. वाचतांना डोळा ओळीवरून सरकत नाहीं, लहान लहान उड्या घेत जातो, हेंहि त्याच्याच प्रयोगशाळेंतील निरीक्षणांतून पुढें आलें. दैवाची गति अशी कीं दुसऱ्यांच्या दृष्टीसाठीं झटणारा हा मनुष्य काचबिंदूनें १९०० सालीं स्वतः पूर्ण आंधळा झाला. तरीहि तो स्वस्थ बसला नाहीं. १९०३ सालीं त्यानें अंधांच्या उपयोगासाठीं पुस्तक लिहिलें, आणि १९०७ सालीं तो वारला.

पुढें इंग्लंडांत अर्नेस्ट मॅडॉक्स ह्या नेत्रवैद्याची कन्या मेरी मॅडॉक्स हिनें हें काम स्वतंत्र व्यवसाय म्हणून चालविलें. ह्या व्यवसायास ऑर्थॉप्टिक्स, म्हणजे डोळे सरळ करण्याची विद्या, म्हणतात. अमेरिकेंत फ्रेडरिक ब्रॉक ह्यानें प्रचारांत आणलेलें साधन तर आपल्या घरांतील वस्तूंतून होण्याजोगें आहे: एक लांब दोरी व तिच्यांत ओंवलेले तीन रंगीत मणी. दोरीचें एक टोंक खिडकीस बांधावयाचें, दुसरें नाकाशीं धरावयाचें. मधल्या मण्यावर दृष्टि ठेवली म्हणजे दोरी एक असून दोन दिसते, आणि त्या दोन दोऱ्या मण्याशीं एकमेकींस फुलीसारख्या छेदतात. फुली मण्याच्या अलीकडे पडली तर डोळे गरजेपेक्षां अधिक आंत वळले. पलीकडे पडली तर कमी वळले. एकच दोरी दिसली तर एका डोळ्यानें काम सोडलें. म्हणजे आपली चूक शिकणाऱ्यास स्वतःच दिसते. आम्हीं आयुष्यभर वह्या तपासल्या. ज्यांत विद्यार्थ्यास स्वतःची चूक गुरुजींच्या लाल शाईवांचून दिसते, असा अभ्यास आम्हांस फारच थोड्या विषयांत आढळला.

पण साधन चतुर आहे म्हणून उपचार सिद्ध झाला असें होत नाहीं. त्यास कसोटी लागते, आणि अभिसरणाच्या उणिवेस ती लावली गेली आहे. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या साहाय्यानें झालेली एक चांचणी २००८ सालीं प्रसिद्ध झाली. नऊ ते सतरा वर्षांच्या २२१ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे चार गट पाडले. पहिल्या गटानें घरीं पेन्सिल नाकाकडे आणण्याचा प्रसिद्ध व्यायाम केला. दुसऱ्यानें घरीं पेन्सिल व संगणक. तिसऱ्यास दर आठवड्यास एक तास दवाखान्यांत शिक्षक मिळाला व घरीं थोडा अभ्यास. चौथ्यासहि तितकाच वेळ, तसाच शिक्षक व तशींच साधनें मिळालीं, पण व्यायाम मुद्दाम निरुपयोगी योजलेले. बारा आठवड्यांनीं पाहतां तिसऱ्या गटांतील शेंकडा ७३ मुलें बरीं किंवा पुष्कळ सुधारलेलीं आढळलीं. पेन्सिलवाल्या गटांत हें प्रमाण शेंकडा ४३, संगणकवाल्यांत ३३, आणि खोट्या व्यायामाच्या गटांत ३५.

ह्या आंकड्यांतून गृहस्थानें दोन गोष्टी घ्याव्या. पहिली, योग्य निदान झालें असतां व शिकविणारा समोर असतां हा उपचार खरोखर लागू पडतो. त्यास सरसकट थोतांड म्हणणें अन्यायाचें आहे. दुसरी, खोट्या उपचारानेंहि तिघांपैकीं एकास बरें वाटलें! कोणी आपलें म्हणणें ऐकून घेतलें, दर आठवड्यास तासभर आपल्याकडे लक्ष दिलें, एवढ्यानेंच मुलास हुरूप येतो. म्हणून 'आमच्या शेजारच्या मुलास गुण आला' हा पुरावा कितीहि प्रामाणिक असला तरी पुरेसा नव्हे.

त्याच संशोधकांनीं पुढें विचारलें: डोळे जुळले म्हणजे वाचनाचें आकलनहि सुधारतें काय? नऊ ते चौदा वर्षांच्या ३११ मुलांवर सोळा आठवडे केलेल्या ह्या चांचणीचा निष्कर्ष २०१९ सालीं आला, आणि तो त्यांच्या अपेक्षेविरुद्ध असूनहि त्यांनीं तो छापला. खऱ्या उपचारानें डोळ्यांची आंत वळण्याची शक्ति अधिक सुधारली. पण वाचनाकलन खऱ्या व खोट्या दोन्ही गटांत सारखेंच वाढलें, आणि त्रासाच्या तक्रारीहि दोहोंत जवळजवळ सारख्याच उतरल्या. शास्त्राची प्रतिष्ठा अशा कबुलीनें वाढते.

येथें आमच्या शाळेंतील एका विद्यार्थ्याची हकीकत सांगणें अस्थानीं होणार नाहीं. सातवीच्या वर्गांतील हा मुलगा तोंडी कामांत तल्लख. शब्दरूपें, श्लोक, कवितांचे अर्थ, एकदां कानावरून गेलें कीं पाठ. पण पुस्तक उघडून वाचावयास सांगितलें कीं चार ओळींनंतर अडखळे, आणि डाव्या हाताचा तळवा नकळत डाव्या डोळ्यावर जाई. तळवा तेथें असेपर्यंत वाचन बरें चाले. आम्हीं ही गोष्ट त्याच्या मामांच्या कानांवर घातली. तोंवर वडिलांनीं दोन शिकवण्या लावून झाल्या होत्या, आणि त्यांपैकीं एका शिक्षकांनीं 'ह्याच्या डोक्यांत शिरत नाहीं' असा अभिप्राय मुलादेखत देऊन टाकला होता. नेत्रवैद्यांच्या तपासणींत नंबर निघाला नाहीं. पण बोट पुढें आणतांच तें वीतभर अंतरावर दोन झालें. तीन महिने व्यायाम झाला. तो पहिल्या नंबरांत आला, असें लिहावयास आम्हांस आवडलें असतें. तो आला नाहीं. पण तासभर सलग वाचूं लागला, आणि डोकें दुखावयाचें थांबलें. एकदां मधल्या सुट्टींत तो आमच्याजवळ येऊन म्हणाला, "गुरुजी, सगळ्यांनाच अक्षरें हलतांना दिसतात आणि तरी सगळे वाचतात, मलाच जमत नाहीं, असें मला वाटे." त्या मुलानें इतकीं वर्षें स्वतःविषयीं जो निकाल दिला होता, तो उपचारापेक्षांहि निदानानें अधिक पुसला गेला, असें आमचें मत झालें.

आतां ज्या ठिकाणीं सावध असावें त्या जागा. पहिली जागा म्हणजे चष्मा घालविण्याचें आश्वासन. विल्यम बेट्स ह्या अमेरिकन डॉक्टरानें १९२० सालीं पुस्तक लिहून, डोळे झांकणें, फिरविणें, ऊन्ह घेणें अशा उपायांनीं चष्म्यावांचून दृष्टि पूर्ववत् होते असें प्रतिपादिलें. १९४२ सालीं ऑल्डस हक्सलीसारख्या प्रख्यात लेखकानें त्याची तरफदारी केली, आणि आपल्याकडेहि त्याचा बराच प्रसार झाला. परंतु लांबचें न दिसणें हा बहुधा डोळ्याच्या गोलकाच्या लांबीचा प्रश्न आहे. तो व्यायामानें आंखूड होत नाहीं. त्राटक हें हठयोगांतील षट्कर्मांपैकीं आहे. त्याचा मान त्याच्या ठिकाणीं ठेवावा, नंबर उतरविण्याचें काम त्याच्यावर लादूं नये. आणि सूर्याकडे टक लावून पाहण्याचा उपदेश कोणी केला तर तेथून उठून यावें. त्यानें डोळ्याच्या पडद्यास कायमची इजा होते.

दुसरी जागा अधिक नाजूक आहे. कांहीं मुलांस अक्षरें ओळखणें, त्यांचा ध्वनीशीं मेळ घालणें हेंच मुळांत अवघड जातें. ह्यास डिस्लेक्सिआ म्हणतात. हा दोष डोळ्यांचा नसून मेंदूंतील भाषाव्यवहाराचा आहे. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या व नेत्रवैद्यांच्या प्रमुख संस्थांनीं २००९ सालीं संयुक्त निवेदन काढून स्पष्ट सांगितलें कीं, डोळ्यांच्या व्यायामानें डिस्लेक्सिआ बरा होतो ह्यास शास्त्रीय आधार नाहीं. अशा मुलास ध्वनि व अक्षरें ह्यांचा पद्धतशीर अभ्यास देणारा शिक्षक हवा असतो. त्यास वर्षभर मणी पाहावयास लावणें म्हणजे पैसा जाणें एवढेंच नव्हे. शिकण्याचें एक वर्ष जातें. एकाच मुलास दोन्ही दोष असूं शकतात. तेथें दोन्ही उपाय करावे, एकास दुसऱ्याचा पर्याय समजूं नये.

मोठ्या माणसांचें काय? सुझन बॅरी ह्या अमेरिकन प्राध्यापिकेची हकीकत प्रसिद्ध आहे. तान्हेपणींच त्यांचे डोळे तिरळे झाले. लहानपणीं तीन शस्त्रक्रिया होऊन ते दिसावयास सरळ दिसूं लागले, पण दोन्ही एकदम पाहत नव्हते. त्या स्वतः मज्जाशास्त्राच्या अभ्यासक; आपणांस खोली दिसत नाहीं हें त्यांस कॉलेजांतील व्याख्यानांत कळलें. वयाच्या ४८ व्या वर्षीं त्यांनीं व्यायाम सुरू केला, आणि एके दिवशीं मोटारींत बसतांच समोरचें स्टिअरिंगचें चाक अंतराळांत पुढें आलेलें दिसलें. ऑलिव्हर सॅक्स ह्या लेखक-वैद्यानें २००६ सालीं त्यांच्यावर लेख लिहिला, व २००९ सालीं त्यांचें स्वतःचें 'फिक्सिंग माय गेझ' हें पुस्तक आलें. प्रौढ मेंदूहि शिकतो, एवढा धडा ह्यांतून निश्चित मिळतो. पण प्रत्येक प्रौढास असेंच फळ येईल असा अर्थ काढूं नये. डोक्यास मार लागल्यानंतर किंवा पक्षाघातानंतर पुष्कळांस जवळचें दोन दिसूं लागतें. त्यांत व्यायाम, किंवा चष्म्यांत प्रिझम बसविणें, ह्यांनीं वाचन सुसह्य होतें. एक गोष्ट मात्र आमच्या समवयस्क वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. प्रौढपणीं एकाएकीं एकाचे दोन दिसूं लागले तर तो व्यायामाचा विषय नव्हे. त्याच्या मागें मेंदूंतील रक्तस्राव किंवा पक्षाघात असूं शकतो. तत्काळ रुग्णालय गांठावें.

पत्रलेखिका भगिनींस आतां नेमकें सांगतों. मुलास प्रथम नेत्रतज्ज्ञाकडे न्यावें, आणि 'नंबर पाहा' एवढेंच न म्हणतां, 'जवळचें वाचतांना त्रास होतो, दोन्ही डोळ्यांची जुळणी तपासा' असें स्पष्ट सांगावें. बोट कोठें फुटतें, एक डोळा झांकून सोडला असतां हलतो काय, खोली दिसते काय, हें ते पाहतील. दोष निघाला तर उपचार करणाऱ्यास चार प्रश्न विचारावेत. दोषाचें नांव काय? आज मोजमाप किती आहे? किती आठवड्यांनीं पुन्हां मोजणार? आणि त्या वेळीं फरक न दिसल्यास काय करणार? जो ह्या चारांचीं उत्तरें शांतपणें देईल, त्याच्याकडे बारा-सोळा आठवडे नियमानें जावें. जो एकाच उपचारानें नंबर, एकाग्रता, गणित आणि स्वभाव हें सारें सुधारून देण्याचें बोलेल, व वर्षाचे पैसे आगाऊ मागेल, त्यास नमस्कार करून परत यावें. तपासणींत दोष न निघाल्यास वाचनाच्या अडचणीचें कारण दुसरीकडे शोधावें; पण तें शोधावें, मुलाच्या आळसावर ढकलून मोकळें होऊं नये.

आणि तपासणीचा दिवस उजाडेपर्यंत एवढें करावें: त्याचा धडा कोणी तरी त्यास वाचून दाखवावा, स्वतः वाचावयाचें तें दहा दहा मिनिटांच्या तुकड्यांत असावें, आणि 'सोंगें' हा शब्द घरांतून काढून टाकावा. तपासणीचा निकाल काय लागतो तें त्यांनीं अवश्य कळवावें. शिक्षकवर्गांतील वाचकांसहि आमची विनंति आहे कीं, वाचतांना एक डोळा झांकणारें किंवा मान तिरपी करणारें मूल वर्गांत आढळल्यास तें पालकांस कळवावें. कळविण्यास चिठ्ठीचा एक कागद पुरतो.